कशेळी (ता. राजापूर) : एका दिवसात सडा, देऊळ आणि घळ कशी बसवावी?

परतीचा_पाऊस

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रत्नागिरीत मुक्काम आहे, त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा. गणपतीपुळे, आरेवारे, जयगड हे सगळं आधीच पाहून झालंय, त्यामुळे पावसच्या पुढे कशेळीला जायचा विचार आहे. माणसं सहा. त्यांत ज्येष्ठ दोघं (६८ आणि ७६) आणि मुलं दोन (९ आणि १२). स्वतःची गाडी आहे.

डोक्यात असलेली यादी: कनकादित्य (सूर्याचं देऊळ), हत्तीचं कातळशिल्प (कातळावर खोदलेलं चित्र), देवघळी (समुद्रकाठची घळ), आडिवऱ्याची महाकाली आणि येताना पूर्णगड किल्ला. सकाळी आधी देवळं करून घ्यावीत, जेवावं आणि दुपारी सड्यावर (कातळशिल्प आहे त्या उघड्या पठारावर) जावं, असं ठरवलंय. त्या दिवशी पंचांगात शुद्ध अष्टमी आहे. कुठे चुकतंय ते सांगा.

गडगा

चुकतंय ते एकच, पण मोठं. कातळशिल्प दुपारी बघायचं नसतं.

खोदकाम फार खोल नसतं, काही सेंटिमीटरच. रेष दिसते ती खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे, रंगामुळे नाही. खाच आणि कातळ दोन्ही काळपट-तांबूसच. हिशेब करून बघा. खाच ३ सेंटिमीटर खोल धरली तर डिसेंबरात सकाळी साडेआठला सूर्य क्षितिजापासून साधारण १७-१८ अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ ९ सेंटिमीटर लांब पडते. त्याच दिवशी साडेबाराला सूर्य ५० अंशांवर येतो आणि सावली अडीच सेंटिमीटरवर उतरते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर रत्नागिरीत सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर असतो, तेव्हा रेषच गायब. 'आम्ही गेलो, पण काही दिसलं नाही' म्हणणारी मंडळी बहुतेक बारा ते तीनमध्ये जाऊन आलेली असतात.

तेव्हा यादी उलटी करा. सव्वाआठ ते साडेनऊ सडा, मग देऊळ. संध्याकाळी करायचं असेल तर साडेचार ते पावणेसहा. त्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या जरा पुढे होतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळंच करडं होऊन जातं.

नकाशेवाला

+१. रत्नागिरीहून भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल, गावखडी, कशेळी असा सागरी महामार्ग धरा. अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास, पण वळणं आणि चढउतार बघता सव्वा तास धरा. सातला निघालात तर सव्वाआठ. पेट्रोल रत्नागिरीतच भरून घ्या. मुंबई-गोवा महामार्गाने थेट येणाऱ्यांनी हातखंब्याला रत्नागिरीकडे वळून हाच रस्ता घ्यावा. राजापूरहून आडिवरेमार्गेही येता येतं.

नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. सड्यावर नेटवर्क मिळतं तेही आणि जातं तेही. नकाशावरचा ठिपका कातळशिल्पाच्या जवळ नेतो, शिल्पावर नेईलच असं नाही. सपाट कातळावर खुणेला झाड नसतं, सगळीकडे सारखंच दिसतं. शेवटच्या वाडीत थांबून विचारावं. विचारताना 'जिओग्लिफ' (कातळशिल्पाचा इंग्रजी शब्द) म्हणू नका, 'हत्तीचं चित्र' म्हणा.

चिरेबंदी

मुलं बरोबर आहेत म्हणून थोडं सड्याबद्दल. ते न कळता गेलं तर समोर नुसतं ओसाड माळरान दिसतं.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. बेसाल्ट लाखो पावसाळे झिजत राहिला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्या लोहाचा गंज म्हणजे हा तांबडा रंग. वरचा पापुद्रा उन्हापावसाने कडक आणि काळपट झालेला असतो. आतला दगड त्या मानाने मऊ. चिऱ्याच्या खाणीत तो ताजा कापला जातो आणि उघड्यावर राहिला की आणखी टणक होतो. येताजाता एखादी चालू चिरेखाण दिसलीच तर रस्त्यावरूनच तिच्या उभ्या कापाकडे बघा. वर काळा कातळ, खाली तांबडा सच्छिद्र दगड, आणि तळाशी पांढरट-पिवळट चिकणमाती असा क्रम दिसतो.

गाव कुठे वसलंय तेही ह्या क्रमाने ठरतं. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत उताराला बाहेर पडतं. म्हणून सड्यावर घर नाही, पण सडा संपून उतार लागला की लगेच विहीर, माड, पोफळी आणि वाडी. कशेळीत सड्यावरून देवळाकडे उतरताना अर्ध्या किलोमीटरात हा बदल दिसतो. मुलांना 'पहिला माड कुठे दिसतो ते सांगा' एवढंच सांगून ठेवा.

एक अनुषंगाने. उन्हाळ्यात सड्याच्या काठावरच्या वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. मार्चनंतर जाणाऱ्यांनी पाणी मागत फिरू नये, आपलं घेऊन जावं.

सोलकढी_दोन_वाट्या

कातळशिल्प नीट दिसत नसेल तर खाचांत थोडी रांगोळी किंवा पीठ टाकायचं. फोटो झकास येतो. नंतर पाऊस धुऊन नेतो.

चिरेबंदी

अहो, हे कृपा करून करू नका, आणि दुसऱ्यांना तर मुळीच सुचवू नका. जांभा स्पंजासारखा भोकांचा दगड आहे. बारीक पूड भोकांत जाऊन बसते, वाऱ्याने निघत नाही, आणि डिसेंबरात पाऊस पडायला सहा महिने असतात. पिठाला मुंग्या लागतात. रांगोळीचे पांढरे डाग वर्षभर दिसतात आणि पुढचा माणूस त्यावरूनच गिरवतो. त्याची रेघ मूळ खाचेवर पडेलच असं नाही. खडूचंही तेच. तेलकट रंगाबद्दल तर बोलायलाच नको. आणि अभ्यासकाने उद्या फोटोवरून आकृती उतरवायची ठरवली तर त्याला खोदलेलं काय आणि कोणी भरलेलं काय, हे वेगळं करता येत नाही.

पाणी ओतूनही काम होत नाही. ओला कातळ आणि ओली खाच दोन्ही सारखेच काळे पडतात.

गडगा

ऊन उभं असताना पोचायची वेळ आलीच तर छत्री आणि आरसा. एकाने मोठी काळी छत्री धरून दोन-तीन फुटांचा तुकडा सावलीत घ्यायचा. दुसऱ्याने चारपाच मीटरवरून घरगुती आरशाने उन्हाचा झोत जमिनीलगत, जितका आडवा जमेल तितका, त्या तुकड्यावर टाकायचा. खाच लगेच उठून दिसते. शिलालेख वाचणारे हेच करतात. आरसा हातपंख्याएवढा पुरतो. झोत कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं सांभाळा. संध्याकाळी उशीर झाला तर टॉर्च जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी धरा.

आकृतीबद्दल: हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. एका जागी उभं राहून हत्ती म्हणून तो कळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. आधी बाहेरची रेष धरून कडेकडेने पूर्ण फेरी मारा आणि पाठ, सोंड, पाय अशी जुळणी करा. मग आतल्या आकृत्यांकडे वळा. मासे, पक्षी, इतर प्राणी असं बरंच काही त्या एका हत्तीच्या पोटात आहे. उलट क्रमाने, म्हणजे आतून सुरुवात केली तर रेषांचं जंजाळ वाटतं आणि मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. कागद-पेन्सिल द्या, जे दिसेल ते उतरवू दे. आकृतीवर पाय देऊ नये, चप्पल काढूनही नाही. खाचांच्या कडा पायाखाली झिजतात.

आवाठ

ड्रोनचा विचार असेल तर: २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी लागते, आणि रत्नागिरीच्या धावपट्टीवर तटरक्षक दल आहे, तेव्हा हवाई क्षेत्राचा रंग (उडवायला मोकळं की परवानगी लागणारं) आधी सरकारी नकाशावर तपासा. खरं तर तीन मीटरची काठी आणि तिच्या टोकाला फोन, एवढ्यावर निम्मा हत्ती चौकटीत येतो.

आणि जागा. सडा मोकळा दिसला तरी सरकारी नसतो, बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. गडगा (हद्दीची दगडी भिंत) ओलांडून जायचं नाही; चिरे सुटे रचलेले असतात, पाय ठेवला की ढासळतात आणि पडलेला गडगा मालकाला हाताने परत रचावा लागतो. बेडं (कुंपणातलं बांबूंचं फाटक) उघडलं तर आत गेल्यावर आडवे बांबू परत लावून घ्या, नाहीतर गुरं कलमांत शिरतात. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहर येतो आणि फवारणी चालू असते. पंपाचा आवाज आला तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका, लहान मुलांना तर नकोच.

फुरसंतज्ज्ञ

फुरशाचा, म्हणजे इथल्या लहानशा विषारी सापाचा, उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. रत्नागिरीचे सडे हे फुरशाचं घर. लांबी जेमतेम हात-दीड हात, रंग कातळासारखाच, दिवसा दगडाखाली किंवा भेगेत. डिवचलं तर वेटोळ्यांचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. डिसेंबरच्या सकाळी थंड कातळ तापायला लागला की ऊन खायला बाहेरही येतं.

नियम साधे. दगड उचलून खाली काय आहे ते बघायचं नाही. भेगेत हात घालायचा नाही. बसायचं तर आधी जागा बघायची. घोट्यापर्यंतचे बूट घालायचे, सँडल नाही. उंच वाळलेल्या गवतातून चालताना काठी आपटत जायचं.

चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही नाही. अंगठी, पैंजण, घड्याळ काढून टाका, कारण सूज चढते. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन किंवा स्वतःची गाडी, आणि सरळ रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. जखम किरकोळ दिसते, दुखणं सोसवतं, म्हणून लोक घरी थांबतात आणि काही तासांनी हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त यायला लागतं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नसते.

घाबरवायला लिहिलेलं नाही. जमिनीकडे बघून चाललं की काही होत नाही.

पाऊणपट

देवघळीच्या भरती-ओहोटीसाठी फोनवर ॲप कशाला? तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. तुमची अष्टमी: ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती. मधे, म्हणजे बाराच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट ठेवा.

पण अष्टमीला भांगाचं पाणी असतं. भरती फार चढत नाही, तशी ओहोटीही फार उतरत नाही. उधाणाच्या ओहोटीला जेवढे खडक उघडे पडतात तेवढे दिसणार नाहीत. उलट बाजूने, लाट अंगावर येण्याचा धोकाही कमी. तुम्हाला साडेअकरा ते साडेबारा ही वेळ बरी.

ज्येष्ठांनी वरूनच बघावी. समुद्राने कड्यात आत घुसून केलेली घळ वरूनच नीट समजते. मुलांना कड्याच्या काठावर मोकळं सोडू नका. जांभ्याची कड खालून पोखरलेली असते. वरून भक्कम वाटते, पण खाली आधार नसतो. काठापासून किमान चार पावलं आत. खाली उतरलात तर पाण्यात शिरायचं नाही. खडकांमधलं पाणी परत ओढ घेतं.

परतीचा_पाऊस

हा पाऊणपटीचा हिशेब माहीत नव्हता. मग सडा, देऊळ, घळ हा क्रम आपोआप बसला. देवळात किती वेळ धरावा?

ताम्रपट

पाऊण तास. कनकादित्याचं देऊळ कोकणी बांधणीचं, उतरत्या छपराचं. आतलं लाकूडकाम सावकाश बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रात सूर्याची नांदती देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतलं हे एक. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो आणि कालिकावाडीहून देवीचा मुखवटा वाजतगाजत येतो. त्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळणं कठीण. शांतपणे बघायचं असेल तर उत्सव टाळा, उत्सवच बघायचा असेल तर सकाळी लवकर पोचा.

मूर्तीची कथा मुलांना सांगा, कारण ती देवघळीशी जोडलेली आहे. गुजरातेतल्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत कशेळीसमोर अडलं, पुढे जाईना. नावाड्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली. पुढे कनका नावाच्या कलावंतिणीला दृष्टान्त झाला आणि गावकऱ्यांनी मूर्ती वर आणली. म्हणून देव कनकादित्य आणि घळ देवघळी. देऊळ आधी आणि घळ नंतर केली तर कथा उलट्या दिशेने चालत जाता येते.

कथेत आणि कागदात (इथे तांब्यात) एक घोळ नेहमी होतो. कशेळीचा ताम्रपट शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ चा, कोल्हापूरच्या शिलाहार राजांपैकी दुसऱ्या भोजाचा. बरेचजण तो 'देवळाला दिलेलं दान' म्हणून सांगतात. दान आहे ते रोज बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी, आणि दिलंय ते कशेळी गाव. त्यात गाव ज्या विभागात येतं त्याचं नाव 'अट्टविर'. तेच आजचं आडिवरे. आठशे वर्षांपूर्वीचा पत्ता अजून एसटीच्या पाटीवर आहे. ताम्रपट बघायची इच्छा असेल तर देवस्थानात आधी विचारून ठेवा, ऐन वेळी हट्ट नको. गाभाऱ्यात फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रानफूल

थोडा विरोधी सूर. डिसेंबरात सडा बघणं म्हणजे जत्रा उठल्यावर मैदान बघणं. कातळशिल्पासाठी ठीक आहे, पण 'निसर्ग' म्हणून सडा बघायचा तो पावसात.

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत, साधारण जूनच्या पूर्वार्धात, कोकण दीपकाडी फुलते. पांढरी, कांदेवर्गी, जगात फक्त कोकणातल्या आणि लगतच्या गोव्यातल्या सड्यांवर. बहर जेमतेम दोन-तीन आठवडे. जुलैत कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचलं की गेंदाचे पांढरे गोंडे. ऑगस्ट-सप्टेंबरात ओलसर पातळ मातीवर निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळा कवला, तेरडा. सीतेची आसवं आणि दवबिंदू नावाची वनस्पती दोन्ही कीटकभक्षी, कारण त्या दोन बोटं मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही. ती कमतरता कीटकांतून भरून काढतात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळं वाळून गवत पिवळं.

गडगा

हे सगळं कबूल. पण त्याच महिन्यांत कातळशिल्पाच्या खाचांत पाणी, शेवाळ आणि वर गवत असतं. हत्ती दिसणं नशिबावर. शिवाय ओलं शेवाळ धरलेला कातळ म्हणजे साबण, ७६ वर्षांच्या माणसाला तिथे नेऊ नये. दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत. फुलांसाठी सप्टेंबर, चित्रांसाठी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी.

रानफूल

मान्य. डिसेंबरात निदान पक्षी बघा. मलबारी चंडोल आणि डोंबारी कातळावर चालताना दिसतात, हलले की दिसतात, थांबले की कातळात विरघळतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर आल्या वाटेने मागे फिरा. उन्हाळा जवळ येईल तशी ती उघड्या कातळावर अंडी घालते आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

आडवाट

कातळशिल्पंच बघायची तर राजापूर तालुक्यातलंच देवाचं गोठणं का नाही? तिथे होकायंत्राची सुई फिरते. मुलांना मजा येईल.

नकाशेवाला

सुई खरंच भरकटते. पण भार्गवरामाच्या देवळापासून सड्यावर चढ आहे, ज्येष्ठांचा विचार करता नको. शिवाय दोन्ही ठिकाणी तिरपं ऊन गाठायचं तर एक सकाळी आणि दुसरं संध्याकाळी, आणि मधला दिवस गाडीत. एका दिवसात एकच सडा, हे मी तरी पाळतो.

आडवाट

आणि ही चित्रं नक्की दहा हजार वर्षांपूर्वीची का? सगळीकडे तोच आकडा दिसतो.

चिरेबंदी

मुलांना आकडा ठामपणे सांगू नका. कार्बन पद्धतीला सेंद्रिय पदार्थ लागतो. उघड्या कातळातल्या खाचेत तो नाही. काळ ठरवला जातो तो शैली, आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं आणि चित्रांतले प्राणी यांवरून. काही सड्यांवर गेंडा आहे आणि गेंडा आज कोकणात नाही, हा अशा युक्तिवादाचा नमुना. मध्याश्मयुगाकडे (मधल्या दगडी युगाकडे) बोट दाखवणारे अभ्यासक बरेच आहेत, पण ठिकाणागणिक काळ वेगळा असू शकतो.

सांगायचंच असेल तर हे सांगा: ही चित्रं उजेडात आणण्याचं मोठं काम रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगाव सडे तुडवून केलं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत कशेळी आहे, गोव्यातलं फणसईमळही आहे. तात्पुरती यादी म्हणजे दर्जा मिळाला असं नव्हे.

सोलकढी_दोन_वाट्या

रांगोळीचा सल्ला मागे. जेवणाचं तरी नीट सांगतो.

कशेळीत हॉटेलांच्या रांगा नाहीत. घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी फोन किंवा त्याच दिवशी दहाच्या आत सांगावं लागतं, कारण माणसं मोजून भात टाकतात. देवळाजवळ विचारलं की कोण करतं ते कळतं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. उकड ऐन वेळी काढून सहा जणांचे मोदक वळायला दीड-दोन तास जातात. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, एखादी उसळ एवढं धरून चाला. मासे देवळाच्या आवारालगत मागू नका, पावस-पूर्णगडच्या बाजूला बघा. सकाळची न्याहारी मात्र रत्नागिरीतून बांधून घ्या. सातला निघून सड्यावर पोचणाऱ्याला वाटेत काही उघडं मिळेल याची खात्री नाही.

पाणी: डिसेंबरात माणशी दीड लिटर सड्यापुरतं, मार्चनंतर तीन लिटर. सड्यावर सावली शून्य. छत्री उन्हासाठीही लागतेच.

लालपरी

गाडी नसणाऱ्यांसाठी. रत्नागिरी बसस्थानकातून सागरी मार्गाने आडिवरे, नाटे, जैतापूरकडे जाणाऱ्या गाड्या कशेळीवरून जातात. जाताना एवढंच विचारा: 'पावसवरून जाणार ना?' परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. आधार कार्ड जवळ हवं. एसटीने सकाळचं ऊन गाठणं मात्र अवघड, तेव्हा सडा संध्याकाळी आणि रात्रीचा मुक्काम गावात असा हिशेब ठेवा.

आवाठ

परतीच्या वाटेवर गावखडी. सुरूच्या बनामागे लांब पुळण (वाळूचा किनारा) आहे, समुद्री कासवं इथे अंडी घालतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून डिसेंबरात पिल्लं सोडताना बघायला मिळतील ही आशा ठेवू नका, ते फेब्रुवारीच्या पुढे, तेही सूर्योदय किंवा सूर्यास्ताला. जाळी लावलेली जागा दिसली तर लांबून. पुळणीवर गाडी घालू नका: घरट्यांवरून चाक जातं, आणि ओल्या वाळूत रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

पूर्णगड लहान आहे, तटावरून फेरी मारून अर्ध्या तासात होतो. मुचकुंदीचं मुख आणि समुद्र एकत्र दिसतात. सूर्यास्तासाठी जागा हीच.

परतीचा_पाऊस

सगळं जुळवून असं बसतंय: ७ ला रत्नागिरी, ८.१५ ते ९.३० सडा, ९.४५ ते १०.३० कनकादित्य, ११ ते १२ देवघळी, मग आडिवरे, १.१५ ला परत कशेळीत जेवण, ३ पर्यंत आराम, ३.३० गावखडी, ५.१५ पूर्णगड, ६.३० ला परतीला.

पाऊणपट

घळ अर्धा तास पुढे ढकला, ओहोटी साडेअकरानंतर खरी. मधे मुलांना गावातली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून-चढून आणा. आणि गावखडीला साडेतीनला पाणी चढायला लागलेलं असेल, सहा-साडेसहाला भरती पुरी. भांगाचं असल्याने पुळण उरेल, पण पोरांचे बूट पाण्यापासून लांब काढून ठेवा.

सोलकढी_दोन_वाट्या

जेवण सव्वाएकचं सांगताय तर सकाळी सड्यावर जायच्या आधीच वाडीत थांबून सांगा. साडेनऊला खाली उतरून सांगाल तर उशीर होईल. मोदक हवे असतील तर मात्र आदल्या दिवशीच फोन.

ताम्रपट

आडिवऱ्याचं देऊळ दुपारी नैवेद्याच्या वेळी थोडा वेळ बंद असू शकतं. बारा-साडेबाराला पोचणार असाल तर आधी विचारा, नाहीतर आडिवरे जेवणानंतर करा आणि आराम गाडीत.

परतीचा_पाऊस

मग आडिवरे जेवणानंतर. आरसा, काळी छत्री, घोट्याचे बूट, नऊ लिटर पाणी, आधार कार्ड लिहून घेतलं. रांगोळी नाही.